गॅलेक्सी सोडून आयफोन १७ घेताय? आधी सिमचा ट्रे बघा

आपल्या बेळगाव सीमाभागात एका खिशात दोन राज्यांचे नंबर असतात. एक कर्नाटक सर्कलचा, दुसरा महाराष्ट्र-गोव्याचा. कोणी बेळगावात राहून शिनोळीला कामाला जातो, कोणाची शेती चंदगड-गडहिंग्लजात, कोणाची मुलं कोल्हापुरात शिकायला, निपाणीच्या व्यापाऱ्याचं निम्मं गिऱ्हाईक कागलच्या पलीकडचं. एक नंबर बँकेला जोडलेला, दुसरा सगळ्या पाहुण्यांच्या तोंडपाठ. दोन्ही चालू हवेत आणि एकाच फोनमध्ये हवेत.

म्हणून सॅमसंगच्या गॅलेक्सी एस२३ वरून आयफोन १७ वर जाताना कॅमेरा आणि चिप यांच्या आधी सिमचा विचार करा. एस२३ मध्ये दोन नॅनो कार्डं बसतात. भारतात विकल्या जाणाऱ्या आयफोन १७ मध्ये एकच बसतं, दुसरा नंबर ईसिम, म्हणजे कार्डाशिवाय फोनच्या आतच साठवलेलं सिम, करावा लागतो. आयफोन एअरमध्ये तर कार्डाला जागाच नाही, तो जगभर फक्त ईसिमवर चालतो. आखातातला नातेवाईक स्वस्तात आयफोन १७ आणतो म्हणाला तर आधी हे सांगा: सौदी, अमिराती, कुवेत, कतार, ओमान आणि बहरीनमध्ये विकला जाणारा १७ सुद्धा फक्त ईसिमचा आहे. ट्रे नाही म्हणजे नाही, कुठलाही कारागीर तो बसवून देणार नाही.

कोणता नंबर कार्डावर ठेवायचा? आमचं मत ठाम आहे: बँकेला, आधारला आणि यूपीआयला जोडलेला नंबर कार्डावरच राहू द्या. कारणं दोन. कणकुंबी-जांबोटीकडे पावसात दोन दिवस वीज नसली आणि फोन बंद पडला, तर कार्ड काढून घरातल्या साध्या बटणाच्या फोनमध्ये घालता येतं. ईसिम असं उचलून दुसरीकडे लावता येत नाही. दुसरं कारण पैशांचं आहे आणि तिथेच बरेच जण अडकतात.

कार्डाचं ईसिम केलं की त्या नंबरवरचे एसएमएस २४ तास बंद राहतात, येणारेही आणि जाणारेही. सिम बदलून होणारी फसवणूक रोखण्यासाठी दूरसंचार विभागाने २०२२ मध्ये घातलेला हा नियम आहे. म्हणजे त्या दिवसात ओटीपी येत नाही. यूपीआय ॲपला नवीन फोनवर नोंदणीसाठी तुमच्या नंबरवरून एक एसएमएस बँकेकडे पाठवावा लागतो, तोही जात नाही. नोंदणी झाल्यावर पुढचे ७२ तास आयफोनवर यूपीआयची मर्यादा ५,००० रुपये असते. अँड्रॉइडवरून अँड्रॉइडवर गेलात तर हीच मर्यादा २४ तासांत उठते. आता बेरीज करा. बँकेच्या नंबरचंच ईसिम केलं तर एक अधिक तीन असे चार दिवस मोठा व्यवहार बंद. तो नंबर कार्डावर ठेवला तर तीन. कॉलेजची फी भरायच्या किंवा बेळगावच्या शहापुरात लग्नाचा बस्ता बांधायच्या आठवड्यात फोन बदलायला घेऊ नका. अगदीच गरज पडली तर डेबिट कार्ड आणि चेकबुक जवळ असू द्या. आणखी एक: सिम बदलल्यानंतर ७ दिवस तो नंबर दुसऱ्या कंपनीत पोर्ट करता येत नाही, हा जुलै २०२४ पासूनचा नियम. कंपनी बदलायचीच असेल तर आधी पोर्ट करा, ईसिमचं नंतर बघा.

आता प्रत्यक्ष बदल. क्रम चुकला की सगळं पुन्हा करावं लागतं, म्हणून घाई नको.

सुरुवात सॅमसंगवर करा. संपर्क कुठे साठवलेत ते बघा. ‘फोन’ किंवा ‘सॅमसंग अकाउंट’ असं दिसलं तर कॉन्टॅक्ट्स ॲपच्या मॅनेज कॉन्टॅक्ट्समध्ये जाऊन ते सगळे गुगल अकाउंटवर हलवा. मग आयफोनवर गुगल अकाउंट जोडून कॉन्टॅक्ट्सचं बटण चालू केलं की नावं आपोआप येतात आणि उद्या परत अँड्रॉइडवर आलात तरी सुरक्षित राहतात. सिक्युअर फोल्डर या सॅमसंगच्या कुलूपबंद कप्प्यातलं काहीही आपोआप जात नाही. त्यात सातबारा, कर्नाटकातले आरटीसी (जमिनीचे) उतारे, पासबुकाचे फोटो ठेवले असतील तर बाहेर काढा. सॅमसंग नोट्सला आयफोनवर ॲप नाही, त्यामुळे कामाच्या नोट्स पीडीएफ करून घ्या. कॉल रेकॉर्डिंग अंतर्गत मेमरीत रेकॉर्डिंग्जच्या फोल्डरमध्ये, त्यातल्या कॉल नावाच्या फोल्डरात असतात. ती संगणकावर किंवा गुगल ड्राइव्हवर हातानेच टाका.

मग आयफोन. तो पहिल्यांदा चालू करताना ‘अँड्रॉइडवरून डेटा आणा’ हा पर्याय येतो. तो तिथेच घ्यायचा. ‘नंतर बघू’ म्हणून पुढे गेलात तर व्हॉट्सॲपसाठी पूर्ण आयफोन पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरू करावा लागेल. दुकानातली मुलं मदत म्हणून फोन चालू करून, सेटअप संपवून हातात देतात. त्यांना तेवढं करू देऊ नका. सॅमसंगवर ॲपलचं ‘मूव्ह टू आयओएस’ ॲप घ्या, आयफोनवर दिसणारा ६ किंवा १० अंकी कोड त्यात घाला, दोन्ही फोन चार्जरला लावा.

हे हस्तांतर मध्येच तुटतं आणि लोक दोष घरच्या वायफायला देतात. खरं कारण वेगळं असतं. आयफोन स्वतःचं तात्पुरतं वायफाय तयार करतो आणि त्यावर इंटरनेट नसतं. सॅमसंगला वाटतं हे वायफाय निकामी आहे, म्हणून तो मोबाइल डेटाकडे उडी मारतो आणि जोडणी सुटते. त्यासाठी सॅमसंगचा मोबाइल डेटा बंद करा, वायफायच्या सेटिंगमधलं ‘मोबाइल डेटावर जा’ हे बटण बंद करा, बॅटरी सेव्हर काढा. ॲप पडद्यावर उघडंच राहू द्या. मध्ये फोन आला किंवा दुसरं ॲप उघडलं तरी काम थांबतं. सॅमसंगने ‘झालं’ म्हटलं तरी आयफोनवरची पट्टी पूर्ण होईपर्यंत हात लावू नका. घरचं इंटरनेट हळू असलं तरी फोटो हलायला अडचण नाही, ते फोनमधून थेट फोनमध्ये जातात. ॲप्स मात्र नंतर ॲप स्टोअरवरून उतरतात, त्याला नेट लागतं.

व्हॉट्सॲपचं नीट समजून घ्या, कारण गमावलेलं परत मिळत नाही. गुगल ड्राइव्हवरचा बॅकअप आयफोन वाचत नाही. मूव्ह टू आयओएसच्या यादीत व्हॉट्सॲप निवडायचं, सॅमसंगवरचं व्हॉट्सॲप उघडून ‘सुरू करा’ दाबायचं, तयारी झाली की ते त्या फोनवरून लॉग आउट होतं. मग आयफोनवर व्हॉट्सॲप घेऊन तोच नंबर घालायचा. नंबर वेगळा घातला तर गप्पा येणार नाहीत. कॉलची यादी या मार्गाने येत नाही. ड्युअल मेसेंजर या सॅमसंगच्या सोयीने एकाच फोनवर दुसऱ्या नंबरचं व्हॉट्सॲप चालवत असाल तर त्याच्या गप्पाही येत नाहीत. महत्त्वाच्या तेवढ्या ‘एक्स्पोर्ट चॅट’ने ईमेलवर पाठवून ठेवा आणि आयफोनवर तो नंबर व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये सुरू करा. दुकानदारांना हे उलट सोयीचंच आहे.

बँकेचं कार्ड आयफोनमध्ये घातल्यावर यूपीआय आणि बँकांची ॲप्स एकेक करून नोंदवा. आयफोन एसएमएस परस्पर पाठवत नाही, मेसेज तयार करून तुमच्यासमोर ठेवतो आणि पाठवायचं बटण तुम्ही दाबायचं. दुसरी लाइन चालू असेल तर इथे गोंधळ होतो: मेसेज चुकीच्या नंबरवरून जातो आणि ॲप ‘नंबर जुळत नाही’ म्हणतं. वर कोणती लाइन निवडली आहे ते बघून मगच पाठवा. एसएमएसपुरता बॅलन्स नसला तरीही हेच अडतं.

ईसिम सगळ्यात शेवटी. दुसऱ्या नंबरचं कार्ड तोवर सॅमसंगमध्येच चालू राहू द्या. कंपनीकडे तुमचा ईमेल नोंदलेला आहे ना, हे आधी तपासा. बहुतेक अर्ज तिथेच अडकतात. आयफोनवर *#०६# डायल केलं की ईआयडी (ईसिमचा क्रमांक) आणि आयएमईआय (फोनचा क्रमांक) दोन्ही दिसतात. कंपनीकडून क्यूआर कोड आला तर तो दुसऱ्या पडद्यावर उघडा, आयफोन वायफायला जोडा आणि एकदाच, शांतपणे स्कॅन करा. तोच कोड पुन्हा चालेल असं धरू नका. महाराष्ट्राच्या नंबरसाठी कंपनीच्या गॅलरीत जायची वेळ आली तर आधी फोन करून विचारा, ते काम बेळगावात होतं की कोल्हापूर गाठावं लागेल. आणि ‘ईसिम करून देतो, मेसेज पुढे पाठवा’ असा फोन आपणहून आला तर तो चोर आहे, लगेच ठेवा.

एवढी खटपट करून हातात काय येतं? आयफोन १७ सप्टेंबर २०२५ मध्ये २५६ जीबीला ८२,९०० रुपयांना आला. पडदा ६.३ इंची, १२० हर्ट्झचा, आणि उन्हात ॲपलच्या आकड्यानुसार ३,००० निटपर्यंत (निट हे उजेडाचं माप) उजळतो. एस२३ चा आकडा १,७५० आहे. भर दुपारी उसाच्या फडात वजनाची पावती वाचताना हा फरक खरोखर कळतो. व्हिडिओ उत्तम, पुढचा कॅमेरा १८ मेगापिक्सेलचा, अल्ट्रावाइड कॅमेऱ्याने पिकावरची कीड जवळून टिपता येते. एस२३ च्या अल्ट्रावाइडला फोकस बदलताच येत नाही. पण एस२३ ला ३ पट झूमची वेगळी लेन्स आहे आणि आयफोन १७ ला नाही, तो मुख्य कॅमेऱ्यातून २ पट कापून घेतो. गणपती विसर्जनाची मिरवणूक गर्दीच्या मागून टिपणाऱ्याला हे जाणवेल.

निपाणीच्या तंबाखू व्यापाऱ्याने आणि अडत्याने आणखी एका गोष्टीचा विचार करावा. दर आणि पोत्यांचा आकडा फोनवर ठरतो आणि रेकॉर्डिंग हाच पुरावा असतो. सॅमसंगवर ते आपोआप, गुपचूप होतं. आयफोनवर प्रत्येक कॉलला बटण दाबावं लागतं आणि समोरच्याला ‘रेकॉर्ड होत आहे’ अशी सूचना ऐकू जाते. धंदा रेकॉर्डिंगवर चालत असेल तर फोन बदलू नका, एवढं स्पष्ट सांगतो. अशांना सॅमसंगमध्येच पुढे जाणं बरं: एस२४ पासून पुढच्या मॉडेलांना ७ वर्षं अपडेट आहेत. एस२३ ची सुरक्षा अपडेटही २०२३ पासून ५ वर्षं आहेत, त्यामुळे फोन धड चालत असेल तर कसली घाई नाही.

उद्यमबागच्या फाउंड्रीत आणि मशीन शॉपमध्ये काम करणाऱ्यांसाठी: आयफोनच्या पाठीत चार्जिंगसाठी चुंबकांचं कडं आहे. लोखंडाचा कीस त्याला चिकटतो, कव्हरच्या आत शिरतो आणि काचेवर ओरखडे काढतो. कव्हर रोज काढून पुसा. एस२३ ला हा त्रास नाही.

चार्जर नवा घेऊ नका. आयफोनच्या डब्यात फक्त केबल येते, पण सॅमसंगचा २५ वॉटचा यूएसबी-सी ॲडॉप्टर त्याला व्यवस्थित चालतो. मराठी आणि कन्नड दोन्ही कीबोर्ड फोनमध्येच आहेत, सेटिंगमध्ये जोडा आणि पृथ्वीगोलाच्या खुणेने बदला. कॅमेऱ्याच्या फॉरमॅटमध्ये ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडा, नाहीतर फोटो एचईआयसी प्रकारात जातात आणि कर्नाटकच्या सेवा सिंधू किंवा महाराष्ट्राच्या महाडीबीटीसारख्या सरकारी पोर्टलसाठी जेपीजी करत बसावं लागतं.

खरेदी बेळगावच्या खडेबाजारात करा किंवा कोल्हापुरात, जीएसटी दोन्हीकडे १८ टक्केच. धंद्याच्या नावावर बिल हवं असेल तर सावध राहा: बिलावर महाराष्ट्राचा एसजीएसटी (जीएसटीतला राज्याचा वाटा) लागला तर कर्नाटकातल्या नोंदणीवर त्याचं क्रेडिट, म्हणजे वजावट, मिळत नाही. ॲपलची स्वतःची दुकानं आपल्याला जवळ नाहीत, २०२५ मध्ये बंगळूर आणि पुण्यात उघडली, त्यातलं पुणं जवळचं. म्हणून घेण्याआधी ॲपलच्या संकेतस्थळावर ५९०००१ हा बेळगावचा पिनकोड घालून अधिकृत दुरुस्ती केंद्र कुठे आहे ते बघून घ्या.

जुना सॅमसंग निदान आठवडाभर विकू नका. यूपीआयची मर्यादा उठली, दोन्ही नंबरवर ओटीपी येऊ लागले, कॉलेजच्या किंवा कार्यालयाच्या ॲपमध्ये लॉगिन झालं, लॉगिनचे कोड देणारं गुगल ऑथेंटिकेटर वापरत असाल तर त्यातले कोड क्यूआरने आयफोनवर आणले, मगच. रीसेट करण्याआधी सेटिंगमधून गुगल आणि सॅमसंग ही दोन्ही अकाउंट काढा. नाहीतर घेणाऱ्याच्या हातात फोन कुलूपबंद राहतो आणि तो तुमचा पासवर्ड मागायला परत येतो.