प्रीमियम ट्रॅव्हल कार्ड ११ महिने वापरलं, वेलकम बोनस पदरात किती पडला त्याचा हिशोब

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये ट्रॅव्हल कार्ड घेतलं, आता रिन्युअल तोंडावर आलंय म्हणून सगळा अनुभव एकदाच लिहून काढते. बँकेचं नाव देत नाही, कारण मी जिथे अडकले त्या अटी थोड्याफार फरकाने बऱ्याच प्रीमियम कार्डांना असतात.

कार्डची फी १०,००० आणि त्यावर १८% जीएसटी, म्हणजे ११,८००. बोनस १५,००० पॉइंट, पण ९० दिवसांत दीड लाख खर्च केला तर. बँकेच्या पोर्टलवर विमानाचं तिकीट काढलं तर एक पॉइंट एक रुपया, बिलात वळते केले तर फक्त ३० पैसे. म्हणजे तेच पॉइंट एकीकडे १५,००० चे आणि दुसरीकडे ४,५०० चे. जाहिरातीत अर्थातच पहिला आकडा असतो, आणि प्रवास ठरलेला नसेल तर दुसराच आकडा खरा धरावा असं मला आता वाटतं.

आधी पात्रतेचं सांगते. माझ्याकडे याच बँकेचं साधं लाइफटाइम फ्री कार्ड होतं. फोनवरची मुलगी म्हणाली मॅडम अपग्रेड करून टाका, लगेच होईल. मी हो म्हणणारच होते पण अटी वाचल्या तर अपग्रेडवर वेलकम बोनस नाही! बोनस फक्त नवीन अर्जावर. मग अपग्रेड न करता वेगळा अर्ज केला, सॅलरी स्लिप दिल्या, सिबिल स्कोअर (कर्ज-बिलं वेळेवर फेडण्याचा गुणांक) ७५० च्या वर होता, मिळालं. अर्ज करायच्या आधी आपला क्रेडिट रिपोर्ट बघून घ्या, सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हायमार्क या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, आणि प्रत्येक अर्जाची चौकशी त्यात नोंदली जाते म्हणून एकाच महिन्यात चार बँकांत अर्ज टाकू नका.

नवऱ्याचं मात्र नाही झालं. त्यांचा वागळे इस्टेटला छोटा प्रेस आहे, उलाढाल ८० लाखांच्या आसपास, पण रिटर्न ४४एडी खाली (छोट्या धंद्याने उलाढालीच्या ठरावीक टक्के उत्पन्न दाखवायची आयकरातली सोय) भरतात आणि सगळे पैसे बँकेतूनच येतात म्हणून उत्पन्न ६% दाखवलेलं, म्हणजे ४ लाख ८० हजार. बँकेला आयटीआरवर १२ लाख हवे होते. धंदा चांगला चालतो, हप्ते वेळेवर जातात, तरी कागदावर जे दिसतं तेच बँक धरते. त्यांना ॲड-ऑन, म्हणजे माझ्याच कार्डला जोडलेलं दुसरं कार्ड घेतलं, त्याचा खर्च माझ्या दीड लाखात धरला जात होता. प्रेसच्या कागदाचं ६०,००० चं बिलही त्याच्यावर टाकू का असं ते विचारत होते, मी नको म्हटलं, कारण कार्ड वैयक्तिक वापरासाठी आहे असं अटींत स्पष्ट लिहिलंय आणि धंद्याचा खर्च दिसला तर पॉइंट काढून घ्यायचा हक्क बँकेने राखून ठेवलाय.

माझा मामेभाऊ न्यू जर्सीला असतो, तिकडचं गणितच वेगळं. चेस बँकेच्या सॅफायर रिझर्व्ह कार्डची फी २०२५ च्या जूनपासून ७९५ डॉलर झाली, बोनसही तसेच भलेमोठे, पण २४ महिन्यांत कुठल्याही बँकांची मिळून पाच नवी कार्डं घेतली असतील तर चेस सहसा अर्ज नाकारते, आणि अमेरिकन एक्सप्रेस (अमेक्स) एका कार्डचा वेलकम बोनस साधारणपणे आयुष्यात एकदाच देते. त्याचे व्हिडिओ बघून इकडे हिशोब करू नका. इथे तुमची कार्डं मोजण्याआधी पगार किंवा आयटीआर बघतात, आणि बँकेशी जुनं नातं असेल तर बोनसच्या बाबतीत त्याचा फायदा होण्याऐवजी तोटाही होऊ शकतो.

आता खरी गोष्ट, ९० दिवसांची. कार्ड माझ्या हातात आलं १९ एप्रिलला, त्याआधी कुरियरवाला दोनदा येऊन परत गेला होता कारण दिवसा घरी कोणी नसतं आणि कार्ड वॉचमनकडे देत नाहीत. मी १९ एप्रिलपासून दिवस मोजले, १८ जुलैपर्यंत वेळ आहे म्हणून निवांत होते. २० जूनला सहज फोन केला तेव्हा कळलं की घड्याळ कार्ड सेटअप झाल्याच्या तारखेपासून चालू होतं, म्हणजे ३ एप्रिल. ९० दिवस २ जुलैला संपणार. सोळा दिवस कुरियरमध्येच गेले.

तेही चाललं असतं, कारण माझ्या हिशोबाने १,३८,००० झाले होते. पण फोनवरच्या बाईंनी सिस्टीममध्ये बघून सांगितलं की पात्र खर्च ७६,१००. मी स्टेटमेंटची प्रिंट काढून जेवणाच्या टेबलावर पेन्सिल घेऊन बसले. आईचा मेडिक्लेम आणि माझा टर्म इन्शुरन्स मिळून ३१,५००, बाद. सोसायटीचा मेंटेनन्स रेंटच्या ॲपवरून भरला होता, तीन महिन्यांचे १४,४००, बाद. प्रॉपर्टी टॅक्स ९,८००, सरकारी भरणा म्हणून बाद. पेट्रोल ६,२००, बाद. बेरीज ६१,९००, पैन् पै बाईंशी जुळली. मुलाची शाळेची फी तेवढी धरली गेली कारण ती शाळेच्या साइटवर थेट भरली होती. म्हणजे घरातले जे मोठे आणि ठरलेले खर्च, ज्यांच्या भरवशावर मी दीड लाख सहज होतील म्हणत होते, नेमके तेच यादीतून वगळलेले. सोनंही वगळलेलं होतं, त्यामुळे एखादं नाणं घेऊन ठेवायची वाटही बंद.

१२ दिवसांत ७३,९०० लागणार होते. फ्रिज तसाही मे महिन्यापासून कुरकुरत होता, गोखले रोडवरून ३८,९०० चा घेतला. गाडीचे टायर दिवाळीनंतर बदलायचे होते ते माजिवड्याला आत्ताच बदलले, १८,४००. दिवाळीत कोची-मुन्नार ठरलं होतं, तिथल्या हॉटेलचे २१,६०० आधीच भरले, आणि मुद्दाम नॉन-रिफंडेबल घेतलं नाही, पण रद्द केलं तर तेवढे पैसे पात्र खर्चातून वजा होतात हे लक्षात ठेवलं. सगळं २८ जूनच्या आत उरकलं, कारण नुसता स्वाइप होऊन भागत नाही, व्यवहार खात्यात पोस्ट व्हावा लागतो आणि मध्ये शनिवार-रविवार आला की दोन-तीन दिवस जातात. एकूण पात्र खर्च १,५५,००० झाला, आणि ऑगस्टमध्ये १५,००० पॉइंट आले.

एक सांगते, हे बिल पूर्ण भरता येणार नसेल तर या भानगडीत पडू नका. महिना ३.५ टक्के व्याज धरलं तर दीड लाखावर एका महिन्याचे ५,२५० आणि वर जीएसटी, तीन महिने राहिलं की बोनस गेलाच.

पॉइंट वापरताना अजून एक गोष्ट कळली. पोर्टलवर कोचीची तिन्ही तिकिटं एअरलाइनच्या साइटपेक्षा १,६०० नी महाग होती, आणि पॉइंटमधून भाड्याचे जास्तीत जास्त ७०% भरता येतात. म्हणजे १५,००० ची खरी किंमत मला पडली १३,४००. फी वजा केली तर हातात १,६००.

आणि त्या जूनच्या खर्चाचा एक परिणाम मला ऑक्टोबरमध्ये दिसला. सगळी मोठी खरेदी जूनमध्ये झाल्याने जुलै ते सप्टेंबर कार्डवर जेमतेम ३१,००० गेले. विमानतळावरच्या लाउंजमध्ये (बसायची-खायची खास जागा) कार्डवर जायचं तर आधीच्या तिमाहीत ५०,००० खर्च लागतो. कोचीला जायला पहाटे चार वाजता ठाण्याहून निघालो होतो, आई व्हीलचेअरवर, मी काउंटरवर कार्ड दिलं, दोन रुपयांचा स्वाइप झालाच नाही, काउंटरवरच्या मुलाने मशीनची चिठ्ठी माझ्याकडे सरकवली आणि मागे रांग. आई म्हणाली जाऊ दे गं, बाहेर इडली खाऊ. पण तिला मी आठवडाभर आधीपासून सांगून ठेवलं होतं की आत बसायला मऊ खुर्च्या आहेत, त्यामुळे मला फार लागलं. नवी मुंबईच्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं सुटायला लागलीत, तिथून जाणार असाल तरी आपल्या कार्डच्या लाउंज यादीत तो आहे का ते निघण्याआधी बघा.

चांगलं काय मिळालं तेही सांगते. जानेवारीत दुबईला गेलो, कार्डवर ८०,००० खर्च झाला. या कार्डचा फॉरेक्स मार्कअप (परकीय चलनातल्या खर्चावरचं बँकेचं शुल्क) २%, जीएसटी धरून २.३६, माझ्या जुन्या कार्डचा ३.५ म्हणजे ४.१३. सरळ १,४१६ वाचले. दुकानात मशीन रुपयात घेऊ का दिरहममध्ये विचारतं तेव्हा दिरहमच म्हणायचं, रुपये म्हटलं की त्यांचा महागडा दर लागतो.

दुसऱ्या वर्षाची फी ५ लाखांच्या खर्चावर माफ होते, माझे ३,६०,००० झालेत. उरलेल्या दोन आठवड्यांत १,४०,००० ओढूनताणून करायचे नाहीत असं मी ठरवलंय. उरलेले २,३०० पॉइंट आधी वापरून टाकले, कारण कार्ड बंद झालं की ते जातात, आणि काल बंद करायची विनंती टाकली. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने थकबाकी नसेल तर सात कामकाजाच्या दिवसांत बंद करावं लागतं, नाहीतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला बँकेने आपल्याला ५०० रुपये द्यायचे असतात. विनंतीचा नंबर कालनिर्णयवर लिहून ठेवलाय, त्याच्याखाली सातवा दिवस गोल केलाय.