अठरा हजारांचं हेड गॅस्केट की अडीचशेचं झाकण: आठ महिन्यांनंतर

वर्कशॉपने 'हेड गॅस्केट गेलंय' (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांमधलं सील) म्हणत अठरा हजारांचं एस्टिमेट हातात ठेवलं. गाडी बरी झाली ती अडीचशेच्या रेडिएटर कॅपने. म्हणून हा रिव्ह्यू त्या झाकणाचा.

कुंभार्ली घाट चढताना तापमानाचा काटा वर, चिपळूणच्या सपाटीवर परत जागेवर. रिझर्व्ह बाटली काठोकाठ, आणि इंजिन गार झाल्यावरही कूलंट (इंजिन गार ठेवणारा द्रव) रेडिएटरमध्ये परत येत नव्हतं. रेडिएटरचा वरचा होज, म्हणजे रबरी नळी, चिमटल्यासारखा बसलेला. बाटलीची नळी फुंकून पाहिली, मोकळी होती. मग दोष झाकणाचाच. त्यातली मोठी स्प्रिंग प्रेशर धरते, मधला छोटा व्हॉल्व्ह गार होताना कूलंट परत ओढू देतो. इथे दोन्ही मेलेले. गॅस्केट गेलं असतं तर थंड इंजिन चालू केल्यावर बहुधा दोनेक मिनिटांतच होज दगडासारखा झाला असता आणि बाटलीत बुडबुडे थांबले नसते. ही साधी तपासणी फुकट होते, पण तेवढी तसदी कोण घेतो?

निम्मं पाणी निम्मं कूलंट उघड्यावर १०८ अंशांच्या आसपास उकळतं. ०.९ बार प्रेशर धरणारं झाकण तेच सव्वाशेच्या पुढे नेतं. घाटात सगळा खेळ या फरकाचा. जास्त बरं म्हणून १.१ लावू नका, जुन्या रेडिएटरची प्लॅस्टिक टाकी सांध्यातून पाझरते. आणि झाकण उघडायचं ते इंजिन पूर्ण गार झाल्यावरच.

तेव्हा पाच स्टार दिले होते. मे महिन्यात एक कापला, आणि तो चुकून कापला. रत्नागिरीत मारुती मंदिरापाशी गर्दीत उभ्या गाडीचा काटा चढला. चालत्या गाडीत ठीक, उभ्या गाडीत गरम, म्हणजे आधी फॅन बघायचा. एसी लावला तरी फॅन फिरेना. फॅनचा रिले (त्याची वीज चालू-बंद करणारा स्विच) शेजारच्या तशाच रिलेशी बदलून पाहिला, फरक नाही. फॅनचा कनेक्टर ओढला तर पिना हिरव्यागार. खाऱ्या हवेचं काम. पिना घासून, नवा कनेक्टर लावून भागलं. कापलेला स्टार झाकणाला परत.

किनाऱ्याजवळच्या विहिरीचं मचूळ पाणी मात्र रेडिएटरमध्ये घालू नका, डिस्टिल्डच घाला. जांभ्याची लाल धूळ रेडिएटरच्या फिन्समध्ये, म्हणजे पातळ पत्र्यांमध्ये बसते, ती इंजिनच्या बाजूने हलक्या धारेने धुवायची.

अर्धा स्टार तरीही कापतोच. रबर शाबूत आहे, पण माथ्यावरचा ०.९ गंजाने पुसला गेलाय. पुढच्या वेळी दुकानदाराला दाखवायचं काय?