विंडोज ११ चालेल का ते सांगणारं पीसी हेल्थ चेक: उत्तर खरं, पण अर्धंच

कोकणातल्या घरातला कॉम्प्युटर बहुतेक वेळा मुंबईतून रिटायर होऊन आलेला असतो. कोणाच्या तरी ऑफिसात नवीन मशिनं आली की जुनं डेस्कटॉप गणपतीला चाकरमान्यांबरोबर गाडीच्या डिकीतून गावाला येतं, मग त्यावर आंब्याच्या पेट्यांची बिलं, होमस्टेची बुकिंगं, सातबाऱ्याच्या प्रिंटा आणि पोरांचे प्रोजेक्ट अशी दुसरी नोकरी सुरू होते. त्यामुळे १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला तेव्हा आमच्या देवगडकडे ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, आता ह्याचं काय करायचं. घराण्यात कॉम्प्युटर उघडून बघणारा मीच असल्यामुळे सगळ्यांची मशिनं माझ्याकडे, आणि त्या निमित्ताने मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक हे फुकटचं ॲप भरपूर वापरून झालं, म्हणून हा रिव्ह्यू.

ॲप साधं आहे. इन्स्टॉल करा, उघडा, निळं बटण दाबा, उत्तर येतं. २०२१च्या जूनमध्ये विंडोज ११ जाहीर झालं तेव्हा हे पहिल्यांदा आलं आणि त्यावेळी नुसतं "नाही चालणार" एवढंच सांगायचं, का नाही ते सांगायचंच नाही, लोकांनी इतका आरडाओरडा केला की काही दिवसांतच ते मागे घेतलं आणि नंतर सुधारून परत आणलं. आताच्या ॲपमध्ये सगळे निकाल बघायचं बटण आहे, तिथे प्रोसेसर, रॅम, टीपीएम (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी चिप), सिक्युअर बूट (मशीन चालू होताना खात्रीचंच सॉफ्टवेअर उघडू देणारी सोय), डिस्क एकेक ओळीत येतं आणि कुठे अडलंय ते कळतं. खरं काम त्या बटणानंतर सुरू होतं, आणि बरेच जण ते दाबतच नाहीत, पहिली ओळ वाचून मशीन बंद करतात आणि नवीन लॅपटॉपचे भाव विचारायला लागतात. तालुक्याच्या एका दुकानात तर वहिनीचा लॅपटॉप उघडूनही न बघता "हा नाय चालायचा, नवीन घ्या" म्हणून सांगितलं. तो आठव्या जनरेशनचा आय-फाइव्ह होता. म्हणजे बरोब्बर चालणारा.

आता ह्या "नाही"चे दोन प्रकार असतात आणि ॲप दोन्ही एकाच सुरात सांगतं, ही माझी मुख्य तक्रार.

पहिला प्रकार खरा नाही. इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या जनरेशनच्या खालचा असेल, म्हणजे २०१७च्या आधीचा, तर तो मायक्रोसॉफ्टच्या यादीत नाही (सातव्यातले अगदी मोजके सोडले तर), विषय संपला, त्याला सेटिंगमधून काही करता येत नाही. एएमडीचं रायझन साधारण २०००च्या सिरीजपासून चालतं पण त्यातलेही सगळे नाहीत, नंबर यादीत बघूनच खात्री करायची. काकांचं आंब्याच्या बिलांचं मशीन चौथ्या जनरेशनचं, अजून तगडं आहे, पण यादीत नाही म्हणजे नाही. काकांना हे सगळं समजावायला गेलो तर म्हणाले, "चलतलो काय नाय ता सांग, बाकीचा माका नको."

दुसरा प्रकार म्हणजे खोटा नाही, आणि डेस्कटॉपवर, त्यातही असेंबल केलेल्यावर, हा फार दिसतो. प्रोसेसर चांगला नवा असतो, आणि ॲप म्हणतं टीपीएम २.० नाही. अरे आहे ना, फक्त बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, बंद आहे! ही वेगळी चिप असायलाच पाहिजे असं नाही, इंटेलच्या प्रोसेसरबरोबर ती पीटीटी नावाने येते आणि एएमडीमध्ये एफटीपीएम नावाने, बरेच बोर्ड ती बंद ठेवूनच विकले गेले. बायोसमध्ये जाऊन चालू करायची, सेव्ह करायचं, परत चेक करायचं, ओळ हिरवी. ॲप मदतीच्या पानाची लिंक देतं खरं, पण ते पान वाचून आमच्याकडचा माणूस बायोसमध्ये शिरणार आहे का, तुम्हीच सांगा. स्टार्टवर राइट क्लिक करून रनमध्ये टीपीएम डॉट एमएससी टाकलं की चिप चालू आहे का आणि २.० आहे का १.२ ते दिसतं, ॲपच्या आधी मी तेच बघतो.

सिक्युअर बूटचं मात्र सांभाळून, त्याला यूईएफआय म्हणजे मशीन चालू होण्याची नवी पद्धत लागते. जुन्या पद्धतीने, म्हणजे लेगसी मोडमध्ये विंडोज टाकलेलं असेल तर डिस्क एमबीआर ह्या जुन्या मांडणीची असते, आणि कोणीतरी यूट्यूब बघून बायोसमध्ये सरळ यूईएफआय करून टाकलं की मशीन चालूच होत नाही, मग घरात बोंब. डेटा गेलेला नसतो, सेटिंग परत फिरवलं की येतं. आधी डिस्क जीपीटी ह्या नव्या मांडणीची करावी लागते, त्यासाठी विंडोज १०मध्येच एमबीआर टू जीपीटी नावाची कमांड आहे, डेटा न पुसता करते, पण डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन असतील तर नकार देते आणि आपल्याकडच्या असेंबलवाल्यांना सी, डी, ई असे तुकडे पाडायची भारी हौस. म्हणून आधी त्या कमांडने नुसतं व्हॅलिडेट करून, म्हणजे जमेल का ते तपासून बघायचं, आणि बॅकअप घेतल्याशिवाय हात लावायचा नाही. लॅपटॉपवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, चालू असेल तर हे उद्योग करायच्या आधी त्याची रिकव्हरी की लिहून ठेवा, नाहीतर बायोसमधून बाहेर आल्यावर तो ४८ आकडी नंबर मागत बसेल.

आता आमच्या हवेची गोष्ट, जी कुठलंच ॲप सांगणार नाही. बोर्डावरचा बटणासारखा सेल, सीआर २०३२, जुन्या मशिनात मेलेला असतो, आणि पावसाळ्यात आमच्याकडे लाईट काय सांगून जाते का! सेल मेलेला आणि लाईट गेली की बायोसची सगळी सेटिंगं मूळपदावर, म्हणजे तुम्ही चालू केलेलं टीपीएम बोर्डाच्या मर्जीने परत बंद. आज चालतं म्हणणारं ॲप पुढच्या आठवड्यात नाही म्हणायला लागलं तर ॲपला शिव्या घालायच्या आधी घड्याळ बघा, तारीख कुठल्यातरी जुन्या सालात गेलेली असेल तर सेल बदला, किराणाच्या दुकानातसुद्धा मिळतो. तसंच रॅमचं, खाऱ्या हवेने तिचे पाय काळे पडतात, दोनातली एक पट्टी दिसतच नाही आणि ८ जीबीचं मशीन ४ जीबी दाखवतं. बाहेर काढून खोडरबराने घासली की बऱ्याचदा परत दिसायला लागते. ॲप काय, त्याला जेवढी रॅम दिसते तेवढी ते सांगणार.

आणि रॅमवरून आठवलं, हे ॲप "चालेल" म्हणतं त्याचा अर्थ "इन्स्टॉल होईल" एवढाच घ्यायचा. कागदावर किमान अट ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा आहे. डिस्क कुठली ते अटीत नाहीच! म्हणजे फिरणाऱ्या हार्ड डिस्कवर ४ जीबी रॅमसकट विंडोज ११ टाकलं तरी ॲप हिरवा टिक देईल, आणि मग सकाळी मशीन चालू करून तुम्ही विहिरीवर जाऊन अंघोळ करून या, तोवर कदाचित डेस्कटॉप आलेला असेल. मावशीच्या होमस्टेच्या मशिनाचं असंच होतं, ॲप खूश आणि मी सांगितलं की एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) आणि अजून एक रॅमची पट्टी बसवल्याशिवाय हात लावणार नाही. बसवली, मग टाकलं, आता पर्यटकांसमोर बुकिंग उघडताना तिला हसून वेळ काढावा लागत नाही. डिस्कचा प्रकार पण सांगायला पाहिजे होता राव, टास्क मॅनेजरमध्ये तर लिहिलेलं असतं.

दुसरं एक ॲप आहे, व्हायनॉटविन११, गिटहबवर फुकट मिळतं, मायक्रोसॉफ्टचं नाही. सगळ्या अटी एकाच खिडकीत लाल-हिरव्यात दाखवतं, बूट मोड काय, डिस्क जीपीटी आहे का हेही, त्यामुळे ज्याला थोडंफार कळतं त्याला हे जास्त आवडेल. चालवताना विंडोज निळी सूचना दाखवू शकतं, म्हणून गिटहबच्या मूळ पानावरूनच घ्या, गूगलवर सापडलेल्या कुठल्यातरी डाउनलोड साइटवरून नको. घरच्यांना मात्र पीसी हेल्थ चेकच द्या, कमी घाबरवतं.

यादीत न बसणाऱ्या मशिनावर अटी चुकवून विंडोज ११ टाकतात लोक, रुफस नावाच्या ॲपने विंडोज टाकायचा पेनड्राइव्ह बनवताना तसा पर्याय येतो. होतं. पण अपडेट मिळतीलच याची कंपनी हमी देत नाही, आणि विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रोसेसरला पॉपकाउंट नावाचा हुकूम कळणं सक्तीचं आहे, त्यामुळे कोअर टू ड्युओवाल्यांनी तो नाद सोडा, बूटच होणार नाही. काकांच्या मशिनावर मी ते केलं नाही. बँकेचं काम होतं त्यावर.

तिथे विंडोज १०च ठेवून वाढीव सुरक्षा अपडेटची स्कीम घेतली, ती १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत आहे, ३० डॉलर किंवा १००० रिवॉर्ड पॉइंट, नाहीतर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करून सेटिंगचा बॅकअप सिंक चालू केला तर पैसे लागत नाहीत. काकांनी अर्थातच तिसरा. ती स्कीम संपली की लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम, पेनड्राइव्हवरून काही न पुसता चालवून दाखवलंय, बिलाची एक्सेल फाइल लिब्रेऑफिसमध्ये उघडली, प्रिंटर बोलला, देवनागरी कीबोर्ड पण मिळाला. पण ज्यांचं काम टॅलीवर किंवा श्रीलिपी ह्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरवर आहे, उदाहरणार्थ लग्नपत्रिका छापणारे, त्यांना मी मिंट सुचवत नाही, त्यांनी सरळ यादीत बसणारं सेकंडहँड मशीन बघावं, आणि घेताना दुकानातच पीसी हेल्थ चेक चालवून मागावं.

पाचपैकी साडेतीन. खोट्या नाहीच्या शेजारी "बायोसमध्ये बघा" एवढं ठळक लिहिलं असतं तर चार दिले असते.