चोबे की ओकावांगो? आधी सुट्टी कधीची ते सांगा

बोत्सवानाला जायचं नक्की झालं की गाडी इथेच अडते: चोबे नदीकाठचं राष्ट्रीय उद्यान बघायचं, की ओकावांगो नदीचा त्रिभुज प्रदेश? दोन्ही ठिकाणं नीट बघायची तर दहा-बारा दिवस हवेत, आणि तेवढी रजा मिळतेच असं नाही. मला कोणी सल्ला विचारला, तर माझा पहिला प्रश्न असतो: सुट्टी मे महिन्यातली की दिवाळीतली? खिशाचं नंतर बघू.

कारण दोन्हीकडचा खेळ पाण्याचा आहे, आणि नेमका उलटा. चोबेत पाणी आटलं की मजा. पाऊस संपून पाच-सहा महिने उलटले, रानातली डबकी कोरडी पडली, की हत्तींना नदीवर येण्यावाचून गत्यंतर नसतं. ओकावांगोत पाणी आलं की मजा, आणि ते येतं परक्या देशातून. अंगोलाच्या पठारावर जानेवारी-फेब्रुवारीत कोसळलेला पाऊस रमतगमत इथे पोचायला काही महिने घेतो. त्यामुळे जून ते ऑगस्टच्या कोरड्या हिवाळ्यात, महिनोन्‌महिने थेंब पडलेला नसताना, हा त्रिभुज प्रदेश तुडुंब असतो. ही नदी समुद्राला मिळतच नाही, कलहारीच्या वाळूतच संपते. या देशाच्या चलनाचं नाव ‘पुला’, म्हणजे पाऊस. ते का, हे तिथे गेल्यावर कळतं.

चोबेसाठी मुक्काम कासाने गावात. गाव म्हणजे खरंच गाव: रस्त्याकडेला वॉर्टहॉग (आफ्रिकी रानडुकरं) गुडघे टेकून गवत खात असतात. साध्या गेस्टहाऊसपासून महागड्या लॉजपर्यंत सगळं मिळतं, आणि रोजची सफारी वेगळी घेता येते. जीपची सफारी एखादी कमी करा, पण दुपारची बोट चुकवू नका. आम्ही नदीतल्या सेदुदू बेटाजवळ थांबलो होतो. (हे बेट बोत्सवानाचं की नामिबियाचं, हा वाद हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला होता, १९९९ मध्ये निकाल बोत्सवानाच्या बाजूने लागला.) हत्तींचा कळप पाण्यात उतरला, बघता बघता पाठी बुडाल्या आणि वर नुसत्या सोंडा राहिल्या. मधलं पिल्लू दोन मोठ्यांच्या मध्ये, दिसेनासं व्हायचं, पुन्हा सोंड वर यायची. पलीकडच्या काठावर चढले तेव्हा प्रत्येकाच्या अंगावर ओल्या-कोरड्याची सरळ रेघ. बोटीतलं कोणी बोलत नव्हतं.

चोबेची खोड म्हणजे सकाळची गर्दी. सिंह दिसल्याची वर्दी आली की नदीकाठच्या वाटेवर गाड्यांची रांग लागते. ताडोब्यात वाघामागे जिप्सी धावताना पाहिल्या असतील, तर अगदी घरी आल्यासारखं वाटेल.

ओकावांगोचं प्रकरण वेगळं. माऊन या गावाहून छोट्या विमानाने कॅम्पवर जायचं, धावपट्टी मातीची, आणि सामान मऊ बॅगेत, साधारण पंधरा-वीस किलोच. कडक सूटकेस घेऊन गेलात तर ती मागे राहते, माझी राहिली. सरकारचं धोरणच थोडे पर्यटक, जास्त दाम असं आहे, त्यामुळे आतल्या कॅम्पचे दर ऐकून घाम फुटतो. पण त्या पैशात एकांत मिळतो. खासगी क्षेत्रात रात्रीची सफारी करता येते, वाट सोडून गाडी नेता येते. राष्ट्रीय उद्यानात या दोन्हींना मनाई आहे.

इथली खरी चैन म्हणजे मोकोरो. ही लांबट, उथळ होडी पूर्वी झाडाचं खोड कोरून करत, आता बहुतेक फायबरची असते. मागे उभा असलेला नावाडी लांब काठीने ती रेटतो. आपण पाण्याच्या इतके जवळ बसतो की कमळं डोळ्यांसमोर येतात. लव्हाळ्याच्या एका काडीला नखाएवढा बेडूक चिकटला होता, नावाड्याने बोट दाखवेपर्यंत मला दिसलाच नाही. मोकोरोतून मोठी जनावरं मोजायला जाऊ नये. ती बघायला ओकावांगोतलंच मोरेमी अभयारण्य आहे. बातावाना या तिथल्या जमातीच्या लोकांनी स्वतःच्या जमिनीवर १९६३ मध्ये ते राखून ठेवलं. ठिपक्याठिपक्यांचे आफ्रिकी रानकुत्रे (आपला कोळसून नव्हे) बघायचे असतील, तर माझा कौल मोरेमीला.

बजेट कमी असेल तर माऊनला राहून दिवसभराची मोकोरो सहल करता येते. मात्र माऊनच्या बाजूला पुराचं पाणी उशिरा, जून-जुलैच्या सुमारास पोचतं.

तर, सुट्टी मेची असेल तर ओकावांगो. उत्तरेकडच्या कॅम्पांत तोवर पाणी आलेलं असतं, हवा छान असते, आणि दर जुलै-ऑगस्टइतके चढलेले नसतात. चोबेत तेव्हा हत्ती दिसतील, पण ऑक्टोबरसारखी झुंबड नाही. दिवाळी ऑक्टोबरात आली तर बिनधास्त चोबे. पारा चाळिशी गाठतो, तेवढं सोसायचं. सोबत आजी-आजोबा किंवा लहान मुलं असतील तर महिना कुठलाही असो, चोबेच. ओकावांगोतले बरेच कॅम्प लहान मुलांना घेत नाहीत, शिवाय कासानेहून व्हिक्टोरिया धबधबा जेमतेम ऐंशी किलोमीटरवर आहे.

आणि दिवाळी नोव्हेंबरात असेल, तर थोडा जुगार आहे. पहिल्या दोन-चार सरी जोरात झाल्या की रानातली डबकी भरतात आणि हत्ती नदीकडे पाठ फिरवून आत निघून जातात.