मोकाट, परसातला गोठा की रानातलं शेड? काविळीचा धोका पाहून डुक्करपालनाची निवड

सांगली-साताऱ्याकडच्या वाळवा, पलूस, कराड या पट्ट्यात डुक्करपालन सुरू करायचं म्हटलं की चौकशी होते ती खर्चाची, पिलांच्या जातीची आणि गिऱ्हाइकाची. राष्ट्रीय पशुधन अभियानातून ५० टक्के भांडवली अनुदान मिळतं, हेही कुणीतरी सांगितलेलं असतं. 'घरात लहान पोरं आहेत, कावीळ तर होणार नाही ना?' हा प्रश्न बहुतेक वेळा घरातली बाई विचारते आणि 'काही होत नाही' म्हणून तिची बोळवण केली जाते. तिचा प्रश्न रास्त आहे. पद्धत कोणती आणि जागा कुठली, यावर त्याचं उत्तर बदलतं.

आधी कावीळ कोणत्या विषाणूची ते पाहू. हिपॅटायटिस ए माणसाच्या विष्ठेतून पसरतो. बी आणि सी रक्तातून, दूषित सुईतून, आईकडून बाळाला जातात. या तिन्हींचा डुकरांशी काही संबंध नाही. संबंध आहे तो हिपॅटायटिस ईचा. त्याचे पहिला आणि दुसरा हे प्रकार फक्त माणसात राहतात, तिसरा आणि चौथा डुकरांतून माणसात येऊ शकतात. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या संशोधनात भारतातल्या डुकरांमध्ये चौथा प्रकार आढळला, तर आपल्याकडच्या रुग्णांमध्ये जवळजवळ सगळीकडे पहिलाच दिसतो. म्हणजे गावात काविळीची साथ आली तर पहिला संशय माणसाच्या सांडपाण्यावर आणि फुटलेल्या पाइपलाइनवर घ्यायचा. १९५५-५६ ची दिल्लीतली मोठी साथ अशीच पिण्याच्या पाण्यात मैला मिसळून आली होती. साथ आली की डुकरं पाळणाऱ्या कुटुंबांवर बोट ठेवलं जातं, तो त्यांच्यावर अन्याय आहे.

तरीही डुकरं अगदी निर्दोष आहेत असंही म्हणता येत नाही. जपान आणि युरोपात डुकराचं कच्चं किंवा अर्धवट शिजलेलं काळीज (यकृत) खाऊन हा आजार झाल्याचं सिद्ध झालं आहे. डुकरांमध्ये रोज काम करणाऱ्यांच्या रक्तात या विषाणूच्या प्रतिपिंडांचं (लागण होऊन गेल्याच्या खुणेचं) प्रमाण इतरांपेक्षा जास्त असल्याचं अनेक देशांत दिसलं आहे. शिवाय लागण झालेलं डुक्कर आजारी दिसत नाही. खातं-पितं, वजन धरतं आणि शेणावाटे विषाणू टाकत राहतं.

आता तीन पद्धती.

मोकाट डुकरांना खर्च जवळजवळ नाही. पण ती गटारात लोळतात, उघड्यावरची विष्ठा खातात आणि त्यांचं शेण ओढ्याकाठी, नळाच्या खड्ड्यापाशी, कुठेही पडतं. ते कुणालाच आवरता येत नाही. ईचा धोका बाजूला ठेवला तरी माणसाची विष्ठा खाणाऱ्या डुकराच्या मांसातून पट्टकृमी येतो, एवढ्या एका कारणावरून मी ही पद्धत नव्याने सुरू करणाऱ्याला सुचवणार नाही.

परसातला गोठा सोयीचा वाटतो. राखण होते, खरकटं टाकायला लांब जावं लागत नाही. माझ्या मते घरच्यांसाठी तिन्हींत जास्त धोक्याची हीच. गोठा धुतलेलं पाणी घराच्याच बोअर किंवा आडाकडे मुरतं, पोरं तिथेच खेळतात, ज्या हातांनी शेण काढलं त्याच हातांनी चूल पेटते. कृष्णाकाठच्या मळीत भूजल वर असतं, आणि जत, माण, खटावकडे पाणी खोल असलं तरी भेगाळलेल्या काळ्या खडकातून घाण भरभर खाली उतरते. विहिरीपासून किमान १५ मीटर अंतर ठेवावं असा नियम आहे, पण अशा जमिनीत तेवढ्यावर भागवू नये. परसातच पाळायची असतील तर दोन-चारच पाळा, उताराच्या खालच्या अंगाला ठेवा, आणि शेण काढण्याची चप्पल व फावडं वेगळं ठेवा.

रानातलं बंदिस्त शेड खर्चाचं. त्यातही एक गोष्ट उलटी आहे. दाटीत ठेवलेल्या डुकरांत विषाणू झपाट्याने फिरतो, त्यामुळे शेडमध्ये काम करणाऱ्याला धोका जास्त. पण घर, स्वयंपाकघर आणि पिण्याचं पाणी यांपासून विषाणू तुटतो, आणि शेण एका जागी सापडतं. पक्की फरशी, नाली आणि खड्डा असेल तर कुटुंबासाठी हीच पद्धत उजवी. खड्डा नसेल तर शेड म्हणजे नुसती एका जागी साठवलेली घाण. ५० किलोचं डुक्कर रोज दोन-तीन किलो शेण टाकतं, तेव्हा वीस डुकरांचा हिशेब तुम्हीच करा. हे शेण ढिगात नीट तापवून कुजवा, मग उसाला घाला. ओलं शेण मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यात कधीच नको. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कृष्णा-वारणाकाठची गावं पाण्याखाली गेली, हे ध्यानात ठेवून शेड पूररेषेच्या वरच बांधा.

पिलं विकत घ्यायची की माद्या ठेवायच्या, हा निर्णयही इथे महत्त्वाचा ठरतो. पिलाला आईकडून मिळालेलं संरक्षण ओसरलं की साधारण दोन ते चार महिन्यांच्या वयात त्याला लागण होते आणि त्या काळात विषाणू सगळ्यात जास्त बाहेर पडतो. आठवडी बाजारातून चार ठिकाणची दोन महिन्यांची पिलं आणून एका खणात कोंडली, तर नेमक्या त्याच वयात सगळ्यांना लागण करून दिल्यासारखं होतं. स्वतःच्या माद्या ठेवल्या की आत काय येतंय ते हातात राहतं. भांडवल कमी असेल तर निदान एकाच ठिकाणाहून, एकाच वयाची पिलं घ्या आणि ती वेगळ्या खणात वाढवा. सहा महिन्यांपर्यंत बहुतेक डुकरांतून विषाणू गेलेला असतो, म्हणून कोवळं डुक्कर कापायला देऊ नका. काळीज आतपर्यंत शिजलं पाहिजे. ७१ अंशांवर २० मिनिटं ठेवल्यावर त्यातला विषाणू मरतो, वरवर परतून नाही.

शेडचा नकाशा आणि धुतलेल्या पाण्याची सोय बांधकामाआधी पशुवैद्यकाला दाखवा. सातारा जिल्ह्यात शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. पाण्याच्या बाबतीत गावातल्या जलसुरक्षकाला (नळपाणी सांभाळणाऱ्याला) विचारा, टीसीएल म्हणजे जंतुनाशक पावडर कधी टाकली आणि पाण्यात क्लोरीन उरलंय का ते पाहणारी ओ.टी. टेस्ट केली का. घरच्या बोअरचं पाणी मात्र आपणहून कुणी तपासायला येत नाही, ते उकळूनच प्या.

घरात गरोदर बाई असेल तर माझा सल्ला सरळ आहे: बाळंतपण होईपर्यंत ती शेडमध्ये जाणार नाही आणि परसात गोठा बांधायचा नाही. आपल्याकडच्या पहिल्या प्रकाराच्या लागणीत शेवटच्या तीन महिन्यांतल्या गरोदर बायकांचा मृत्युदर २० ते २५ टक्क्यांपर्यंत जातो. चौथ्या प्रकारात इतका धोका दिसलेला नाही, पण डोळे पिवळे झाल्यावर प्रकार कोणता ते घरी बसून कळत नाही. लघवी गडद, अन्न नकोसं, डोळे पिवळे, एवढं दिसलं की गावठी काढा आणि माळ बाजूला ठेवून त्याच दिवशी मिरज, सांगली किंवा साताऱ्याच्या सरकारी रुग्णालयात न्या, आणि घरात डुकरं आहेत हे डॉक्टरांना आपणहून सांगा.