1910 चा रंधा आणि काजूच्या आकाराचं भोक

जुना लोखंडी रंधा घ्यायला निघाला असाल तर पैसे काढण्याआधी एवढं वाचा. नागपुरात स्टॅनली या अमेरिकी कंपनीच्या जुन्या रंध्याला गिऱ्हाईक मिळतं, म्हणून माल ‘तयार’ करणारेही आले. लकडगंजातल्या एका मिस्त्रीने 6,500 रुपयांना घेतलेला नंबर 5 चा रंधा उघडून पाहिला, तर चार ठिकाणी खोट निघाली. विकणाऱ्याने सांगितलं होतं, “मोतीबाग रेल्वे वर्कशॉपच्या लिलावातला हाये भाऊ, 1910 चा. तारीखच लिवली हाये, पाहा ना.”

तारीख खरी होती. फ्रॉग म्हणजे पातं ज्यावर टेकतं तो उतरता ठोकळा. त्याच्या मागे बॉडीच्या बिडात 25 मार्च 02, 19 ऑगस्ट 02 आणि 19 एप्रिल 10 अशा तीन तारखा ओतलेल्या होत्या. पण त्या पेटंटच्या तारखा, रंधा बनल्याच्या नव्हेत. तिन्ही तारखा असलेली बॉडी साधारण 1910 ते 1918 मधली धरतात. म्हणजे बॉडी अस्सलच. मात्र लिव्हर कॅपचं, म्हणजे पातं वरून दाबून धरणाऱ्या झाकणाचं, भोक काजूच्या आकाराचं होतं, आणि स्टॅनलीने तसं भोक 1933 पासून ठेवलं. त्याआधीचं भोक कुलपातल्या चावीच्या छिद्रासारखं असायचं. नुसती कॅप बदललेली असेल तर काम अडत नाही. फक्त 1910 चा भाव द्यायचा नाही.

स्क्रूची खोट जास्त वाईट. लिव्हर कॅपचा मूळ स्क्रू 9/32 इंचाचा, इंचाला 24 आट्यांचा. तो इथल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळत नाही. हरवला की फ्रॉगमध्ये एम 8 चा टॅप मारून, म्हणजे 8 मिलिमीटरचे नवे आटे पाडून, बाजारातला बोल्ट ठोकून देतात. मग उद्या अस्सल स्क्रू हाती लागला तरी बसायचा नाही. मिलिमीटरचा आटा दिसला की तिथेच थांबा.

तिसरी खोट म्हणजे तडा. तोंडाच्या, म्हणजे पातं बाहेर येतं त्या फटीच्या, डाव्या कोपऱ्यातून तो गालावर, बाजूच्या भिंतीवर, चढला होता. वर मेटल पुटी आणि काळा एनॅमल. पातं, कॅप, फ्रॉग, मुठी सगळं काढा, बॉडी एका बोटावर लटकवा आणि स्क्रूड्रायव्हरच्या दांड्याने हलकेच वाजवा. धड बीड घंटेसारखं घुमतं, तडकलेलं थप्प वाजतं. शंका आली तर तोंडाच्या कोपऱ्यांवर थिनरचा बोळा फिरवा. ताजा रंग बोळ्यावर उतरतो आणि खालची रेघ उघडी पडते. अशी बॉडी झाळून घेता येते, पण उष्णतेने तळ वाकतो. पुन्हा सरळ करण्याचा खर्च रंध्याच्या वर जातो. तसंच वापरलं तर कॅप आवळताच तोंड फाकतं, पातं थरथरतं आणि सागवानावर आडव्या लाटा उठतात.

पातं तर निव्वळ पत्रा होता, वर ठसा मारलेला. धारेजवळच्या कडेवर बारीक कानस टेकवून बघा. पाणी दिलेल्या, म्हणजे कडक केलेल्या पोलादावरून ती घसरते, जेमतेम ओरखडा उठतो. इथे कानसेने सरळ कीस काढला. टोक निळं दिसलं तर ग्राइंडरवर पाणी उतरलंय. तेवढा भाग हळूहळू, पाण्यात बुडवत घासून काढला की मागे चांगलं पोलाद मिळू शकतं. नरम पत्र्याला मात्र इलाज नाही.

तळाच्या चकचकाटाला तर मुळीच भुलू नका. बेल्टवर घासलेल्या तळाची पुढची-मागची टोकं गोल होतात. पातं आत ओढून, कॅप नेहमीइतकी आवळून, तळावर गुण्याची पट्टी धरा आणि उजेडाकडे बघा. पुढचं टोक, तोंडाची पुढची कड आणि मागचं टोक, या तिन्ही जागा पट्टीला टेकल्या पाहिजेत. मध्ये थोडी पोकळी चालते. टोकांशी उजेड दिसला तर तळ पुन्हा उतरवावा लागेल. त्या मेहनतीपेक्षा पंजाबातल्या कारखान्याचा नवा रंधा घेऊन तोच नीट घासलेला बरा.

विकणारा रंधा उघडू देत नसेल तर उठा. देत असेल तर “तडा निघाल्यास परत” असं कागदावर लिहून घ्या. या मिस्त्रीकडे कागद नव्हता, त्यामुळे पैसे गेले. मागची मूठ आणि पातं पुढे-मागे करणारी उलट्या आट्यांची पितळी चकती तेवढी दुसऱ्या रंध्याला लागली.