चाळीसच्या यादीत कोण? क्लीव्हलँडचे पाच इनफिल्डर शेजारी-शेजारी

१९ नोव्हेंबर २०२१ला क्लीव्हलँडच्या बेसबॉल संघाचं बारसं झालं. शंभरावर वर्षं चाललेलं 'इंडियन्स' हे नाव गेलं, 'गार्डियन्स' आलं आणि मैदानाबाहेरच्या दुकानावर लावलेली नवी कोरी पाटी त्याच दिवशी निखळून फुटपाथवर आपटली. पाटीचे फोटो सगळीकडे फिरले. त्याच दिवशी संघाने केलेलं दुसरं काम फारसं कुणाच्या नजरेत आलं नाही. मायनर लीगमधल्या, म्हणजे मुख्य संघाखालच्या तयारीच्या लीगमधल्या, ११ तरुणांची नावं त्यांनी चाळीसच्या यादीत घातली. मुख्य संघ याच चाळीस जणांतून निवडतात. ब्रायन रोकियो, होसे टेना, टायलर फ्रीमन, रिची पलासियोस आणि जॉनकेन्सी नोएल हे त्यातले पाच इनफिल्डर, म्हणजे बेसजवळ उभे राहणारे क्षेत्ररक्षक.

समजा त्या दिवशी निर्णय तुमच्या हातात होता. पाचही जणांना जागा दिली असती का? डायनॅस्टी लीग (खऱ्या खेळाडूंचे कागदी संघ वर्षानुवर्षं सांभाळायचा फँटसी खेळ) खेळणाऱ्यांना हा प्रश्न दर हिवाळ्यात पडतो, म्हणून हे खरं उदाहरण उलगडून बघू.

आधी नियम, झटपट. अठराव्या वर्षापर्यंत सही केलेला खेळाडू पाच हंगाम आणि एकोणिसाव्या वर्षी किंवा नंतर सही केलेला चार हंगाम संघाकडे निर्धास्त राहू शकतो. त्यानंतर त्याला चाळीसच्या यादीत घ्यायचं, नाहीतर डिसेंबरमधल्या रूल फाइव्ह ड्राफ्टमध्ये दुसरा कुठलाही संघ एक लाख डॉलर भरून त्याला उचलतो. आपल्याला हे आयपीएलच्या रिटेन्शनसारखं वाटतं. त्याच नोव्हेंबरात मुंबई इंडियन्सनेही चौघांना ठेवून बाकीचे सोडले होते आणि ईशान किशनला लिलावात १५.२५ कोटी मोजून परत आणलं होतं. इथे तसा लिलाव नाही, पण उचलणाऱ्याच्या गळ्यात एक धोंडा असतो: त्या पोराला पूर्ण हंगाम २६ जणांच्या मुख्य संघात ठेवायचं. खाली पाठवायचा झाला तर आधी बाकीच्या संघांना विचारायचं आणि कुणीच घेतला नाही तर मूळ संघाला ५० हजारांत परत देऊ करायचा.

सगळी गोम त्या धोंड्यात आहे. 'या पाचांत चांगला कोण' हा प्रश्न मी मागे ठेवतो. पुढचा प्रश्न असा: यातल्या कुणाला दुसरा संघ वर्षभर बाकावर बसवून ठेवू शकेल?

त्यासाठी बाक मोजून बघा. २६ जण. त्यातले साधारण १३ पिचर, म्हणजे गोलंदाज. उरलेल्या १३ बॅटरांपैकी नऊ जण सुरुवातीपासून खेळतात. राहिले चार. त्यात एक राखीव कॅचर (आपला यष्टिरक्षक) लागतोच. तीन जागा उरल्या. त्यातली एक शॉर्टस्टॉपवर, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या अवघड जागी, उभा राहू शकेल अशा इनफिल्डरची, एक आउटफिल्डरची, एक मोकळी. म्हणजे शॉर्टस्टॉप खेळणाऱ्या पोराला कोपऱ्यात दडवायला आयतीच जागा असते. तो चार चेंडू अडवेल, आठव्या इनिंगमध्ये कुणाच्या जागी धावायला जाईल, बॅट लागली नाही तरी चालेल. नुसती बॅट असलेल्या पोराला मात्र ती एकच मोकळी जागा.

सॅन दिएगोने हे करून दाखवलंय. एव्हर्थ काब्रेराला त्यांनी २००८च्या ड्राफ्टमध्ये कोलोरॅडोकडून उचललं तेव्हा तो लो-ए पातळीवर खेळत होता. (मायनर लीगच्या पायऱ्या खालून वर: रूकी, लो-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए.) मधल्या सगळ्या पायऱ्या वगळून त्याला थेट वर ठेवला आणि २०१२ साली ४४ बेस चोरून (पिचर चेंडू टाकत असताना पुढचा बेस पळून गाठून) तो नॅशनल लीगमध्ये पहिला आला. २०१६ला त्यांनी अॅलन कोर्डोबाला घेतलं. हा तर रूकी बॉलच्या वर कधी खेळलाच नव्हता. २०१७मध्ये १०० सामन्यांत त्याची सरासरी .२०८ होती, म्हणजे हजार प्रयत्नांत २०८ यशस्वी फटके, अगदीच बेताची, तरी त्याला शेवटपर्यंत ठेवला. दोघेही शॉर्टस्टॉप. हरायचंच ठरलेल्या संघाला हा सौदा स्वस्त पडतो, आणि २०२१ साली बाल्टिमोर आणि अॅरिझोना दोघेही ११०-११० सामने हरले होते. ड्राफ्टमध्ये पहिल्या पाळ्या अशांच्याच.

आता रोकियो आणि टेना. दोघे २००१चे, दोन महिन्यांचं अंतर. दोघे शॉर्टस्टॉप, आणि २०२१चा हंगाम दोघांनी क्लीव्हलँडजवळच्या ईस्टलेकमध्ये, लेक काउंटीच्या हाय-ए संघाकडून सुरू केला. कराकसचा रोकियो दोन्ही हातांनी बॅटिंग करतो. २०२०मध्ये महामारीमुळे तो व्हेनेझुएलातच अडकला, वर्ष वाया गेलं, तरी परतल्यावर मधल्या हंगामात अॅक्रनला डबल-एमध्ये बढती मिळवून त्याने एकूण १५ होम रन (आपल्या षटकारासारखे सीमेपार फटके) मारले. अॅक्रनने त्या वर्षी डबल-ए नॉर्थईस्टचं विजेतेपदही घेतलं. त्याचं टोपणनाव 'प्रोफेसर', आणि खेळताना बघितलं की ते पटतं: चेंडू बॅटला लागायच्या आत याचं पाऊल पडलेलं असतं. अशा पोराला मोकळा सोडला तर बाल्टिमोरने डोळे मिटून उचलला असता. इथे चर्चाच नको.

टेना डावखुरा. ईस्टलेकमध्ये .२८१ आणि १६ होम रन, शॉर्टस्टॉपच्या मानाने चांगलेच. पण वॉक (चार वाईट चेंडू सोडून मिळणारा फुकटचा बेस) अगदी थोडे आणि स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद होणं) शंभराच्या पुढे, म्हणजे दिसेल त्या चेंडूला बॅट घालायची सवय. एवढ्यावर मी त्याला कदाचित बाहेर ठेवला असता. पण हंगाम संपल्यावर तो अॅरिझोना फॉल लीगमध्ये गेला आणि .३८७ सरासरीने तिथला सर्वोत्तम बॅटर ठरला. ही लीग सहा आठवड्यांची, आणि कठड्यामागे तीसच्या तीस संघांचे स्काउट वह्या घेऊन बसलेले. इतक्या थोड्या सामन्यांत पोरगा बदलत नाही, पण तो सगळ्यांच्या नजरेत भरतो, आणि नजरेत भरलेला शॉर्टस्टॉप झाकून ठेवावाच लागतो. टेना रोकियोच्या खूप मागे होता, तरी यादीत हवाच होता.

फ्रीमन आणि पलासियोस ही जोडी जास्त गमतीची आहे. दोघांचे खांदे दुखावलेले.

फ्रीमन कॅलिफोर्नियातल्या शाळेतून थेट २०१७च्या नवोदितांच्या ड्राफ्टमधून आला. याचा स्ट्राइकआउट बघायला मिळणं दुर्मीळ. २०२१मध्ये अॅक्रनकडून ४१ सामने, .३२३, आणि मग खांद्याची शस्त्रक्रिया. काहींना वाटतं, जखमी पोराला कोण घेणार, सोडा मोकळा. उलट आहे. जखमी खेळाडूला दडवणं सोपं असतं, कारण जखमींच्या यादीत असताना तो बाकावरची जागा अडवत नाही. त्याला किमान ९० दिवस मुख्य संघात प्रत्यक्ष ठेवायची अट आहे, पण तीही पुरती फेडायला पुढचा हंगाम मिळतो. बावीस वर्षांचा, डबल-एमध्ये .३२० मारणारा, एक लाखात? फ्रीमन आत.

पलासियोसकडे लोक तेव्हा दुर्लक्ष करत होते आणि मला ते पटत नव्हतं. ब्रुकलिनचा पोरगा, टाउसन युनिव्हर्सिटीतून २०१८ला तिसऱ्या फेरीत घेतलेला. २०१९ अख्खं वर्ष खांद्यामुळे गेलं, २०२०ला मायनर लीगच झाली नाही. दोन वर्षं बॅट हातात नसलेला हा माणूस २०२१ला परत आला आणि डबल-ए व ट्रिपल-ए मिळून .३००च्या आसपास मारून गेला, वर वॉकही भरपूर. वय २४. 'प्रॉस्पेक्ट'च्या, म्हणजे होतकरू पोरांच्या, याद्या करणाऱ्यांना चोविसावं वर्ष म्हणजे निवृत्ती वाटते. पण रूल फाइव्हमध्ये नेमके असेच लोक जातात: तयार, डावखुरे, सेकंड बेस आणि आउटफिल्ड दोन्ही सांभाळणारे. २००५ला अॅरिझोनाने डॅन उगलाला असंच सोडलं होतं. २५ वर्षांचा, डबल-एच्या वर न गेलेला सेकंड बेसमन. फ्लोरिडाने उचलला आणि पुढच्याच वर्षी त्याने २७ होम रन मारले. माझ्या क्रमवारीत पलासियोस टेनाच्या आधी येतो. पुढे त्याने क्लीव्हलँडला फार काही दिलं नाही हे खरं. २०२३ला सेंट लुइसने त्याला रोख रकमेत नेला. पण निर्णय २०२१च्या कागदावर घ्यायचा असतो.

राहिला नोएल. आकडे बघितले तर हा पहिला यायला हवा: ७० सामने, .३४०, १९ होम रन. विशीतला धिप्पाड गडी. मैदानात तेव्हा पहिला आणि तिसरा बेस, आणि दोन्हीकडे जरा जड. पण यातला बराच खेळ लो-एमधला, जिथले पिचर वेगवान असले तरी चेंडू नेमका टाकायला अजून शिकत असतात. आता बाकाचं गणित आठवा. चेंडू अडवायला उपयोगाचा नाही, धावायलाही नाही, आणि मेजर लीगचे वळणारे चेंडू अजून पाहिलेलेही नाहीत. याला वर्षभर कोण पोसणार? शिवाय यादीत घातलं की दुसरं मीटर सुरू होतं. दर हंगामात खाली पाठवलं की एक 'ऑप्शन' जळतो, आणि असे साधारण तीनच मिळतात. ज्याला वर यायला तीन वर्षं लागणार, त्याचे तिन्ही ऑप्शन शिकण्यातच संपतात. मी नोएलला बाहेर ठेवला असता.

कारण जागा फुकट मिळत नाही. क्लीव्हलँडकडे तेव्हा आंद्रेस जिमेनेझ, आमेड रोझारिओ, गॅब्रिएल आरियास, ओवेन मिलर, अर्नी क्लेमेंट असे इनफिल्डर यादीत आधीच होते. (यातल्या क्लेमेंटला त्यांनी २०२२ला सोडलं. २०२५च्या प्लेऑफमध्ये टोरंटोकडून त्याने ३० हिट्स मारून विक्रम केला. असो.) नव्यांना जागा करायला त्याच सुमारास हॅरॉल्ड रामिरेझला काढलं. पुढच्या हंगामात त्याने टॅम्पा बेकडून .३०० मारले.

आणि ज्या चुकीची खरी किंमत मोजावी लागली, ती या पाचांत नाहीच. टॅम्पा बेचीही यादी त्या दिवशी भरली होती. टोबायस मायर्स नावाच्या पिचरला घालायला त्यांच्याकडे जागा नव्हती. क्लीव्हलँडने तो घेतला, अकरांत त्यालाही बसवला, आणि बदल्यात डोमिनिकन समर लीगमधला एक अठरा वर्षांचा इनफिल्डर देऊन टाकला. त्या पोराला यादीत घालायची वेळ यायला अजून वर्षं होती, म्हणून तो 'फुकटचा' वाटला. मायर्सला पुढच्याच उन्हाळ्यात सोडलं. तो पोरगा म्हणजे ज्युनिअर कामिनेरो. २०२५ला त्याने टॅम्पा बेकडून ४५ होम रन मारले. यादी करताना नजर काठावरच्या नावांवर खिळते आणि काठापासून लांब असलेलं पोर सुट्ट्या पैशासारखं खर्च होतं. तुमच्या लीगमध्येही हेच बघा: जागा वाचवायला कुणी तुमच्याकडे तयार पिचर घेऊन आला, तर तो बदल्यात कुणाचं नाव घेतोय ते दोनदा वाचा.

आता गंमत ऐका. एवढी उरस्फोड केली आणि २ डिसेंबरला मालकांनी लॉकआउट लावला, म्हणजे खेळाडूंशी करार होईपर्यंत टाळं ठोकलं. त्या वर्षीच्या रूल फाइव्हची मेजर लीग फेरी रद्दच झाली! कुणीच कुणाला उचलू शकलं नाही. यादीबाहेर राहिलेला आउटफिल्डर ऑस्कर गोन्सालेस क्लीव्हलँडकडेच उरला, आणि २०२२च्या ऑक्टोबरात त्यानेच टॅम्पा बेविरुद्ध पंधराव्या इनिंगमध्ये होम रन मारून १-० असा सामना संपवला.

नोएलबद्दलचं माझं मत तरीही तेच आहे, फक्त ते १७ ऑक्टोबर २०२४ला मोठ्याने म्हणायची सोय नव्हती. प्लेऑफमध्ये यांकीजविरुद्ध तिसरा सामना, नववी इनिंग, दोन जण बाद, क्लीव्हलँड ३-५ मागे. शॉर्टस्टॉपची जागा तेव्हा रोकियोकडे. लेन थॉमसने डबल (दुसऱ्या बेसपर्यंत नेणारा फटका) मारला. हा थॉमस वॉशिंग्टनकडून मिळाला होता, त्या जुलैत टेना आणि आणखी दोन पोरं देऊन. मग बदली बॅटर म्हणून नोएल आला आणि चेंडू डाव्या बाजूच्या प्रेक्षकांत गेला, ५-५. दहाव्या इनिंगमध्ये डेव्हिड फ्रायने होम रन मारून सामना ७-५ असा जिंकून दिला. फ्राय क्लीव्हलँडकडे आला होता जे. सी. मेहिया नावाच्या पिचरच्या बदल्यात, आणि मेहियाला यादीतून काढलं होतं नोव्हेंबर २०२१मध्ये, या पोरांना जागा करायला.